काळ्या पोटाचं विमान

मी आजवर कुणाचाही जीव घेतलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण केनवडमध्ये सध्या याबाबत दोन मतं आहेत, आणि ज्यांचं मत माझ्या बाजूनं आहे तेही माझ्याशी बोलताना जरा अंतर राखून उभे राहतात.

छत्तीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं. आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देतो, त्यापलीकडे आमचा काही संबंध नाही. भूत, भानामती, मुहूर्त यांच्याशी माझी ओळख त्यांच्या विरोधात भाषण देण्यापुरती. अशा माणसाच्या हातून जे घडलं ते मी क्रमवार लिहितो आहे. क्रम कुठे चुकला तर समजून घ्या, हल्ली माझं निम्मं लक्ष वर असतं.

मुलगा संघदीप पुण्याला नोकरीला आहे. मी निवृत्त झालो तेव्हा त्यानं एक खोकं पाठवलं. खोकं कसलं, पेटाराच. आत दुसऱ्या महायुद्धातल्या लँकॅस्टर नावाच्या बॉम्बर विमानाची प्रतिकृती, सुट्या भागांत. चार मोटारी, रिमोटवर उडणारं, आणि पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा फूट. मी सगळे भाग हॉलमध्ये जमिनीवर मांडले तेव्हा माझी बायको रत्नमाला चहाचा कप हातात घेऊन दारातच थबकली, कारण पुढे पाय ठेवायला जागा नव्हती.

"रिटायर झालेली मानसं सकाळी फिरायले जातात," ती म्हणाली. "तुमी आता हे फिरवसान काय?"

पहिला घोटाळा भूमितीचा झाला. हॉल दहा फुटांचा, पंख अकरा फुटांचे. तिरकं ठेवलं तर दार उघडेना, उभं केलं तर पंख्याला लागे. शेवटी डावा पंख खिडकीतून दीड हात बाहेर काढला. खिडकीबाहेर शेजारच्या राजूची ओसरी, आणि ओसरीत, बरोबर पंखाच्या टोकाखाली, त्याच्या आईची खाट. ही प्रयागबाई. वय अठ्ठ्याऐंशी, मागल्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच. इतके दिवस तिला पाहायला नुसते टिनपत्रे होते, आता पंख आला.

"मास्तर, हे काय निंघून राह्यलं तुह्या खिडकीतून?"

"विमान बनवून राह्यलो, प्रयागमाय."

"विमान?" म्हातारीनं पडल्या पडल्या दोन्ही हात जोडले आणि पंखाला नमस्कार केला.

तिथंच मला शहाणपण सुचायला हवं होतं. विमान म्हटलं की मला हवेचा दाब आठवतो. प्रयागमायच्या पिढीला विमान म्हणजे पुण्यवान माणसाला न्यायला वरून येतं ते. शब्द एकच, पण आम्ही दोघं दोन वेगळ्या विमानांबद्दल बोलत होतो, आणि ते मला कळायला दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांत सल्ल्यांची कमतरता नव्हती. इंद्रभान रोज सकाळी यायचा. त्यानं उभा जन्म विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात घालवला. पाण्यातल्या मोटारींबद्दल त्याचा शब्द अख्ख्या रिसोड तालुक्यात प्रमाण, म्हणून हवेतल्या मोटारींबद्दलही तो असावा असं त्याचं मत होतं. "चार मोटारी कायले, सर? तीन एचपीची एकच टाका न मधात. जयली त वाइंडिंग बांधून देतो." मी त्याला वजनाचा तोल समजावून सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हाव, पन एकच टाका."

उडणारं विमान कोणीही जोडतं. खरं काम असतं ते बारकाव्यांचं. खऱ्या विमानाच्या पत्र्यावर हजारो रिव्हेट असतात, त्यांचे टिपके दिसायला हवेत. मी इंजेक्शनच्या सुईतून पांढऱ्या डिंकाचे थेंब एकेक करून ठेवत गेलो. मेडिकलवाल्याकडे तीस सुया मागितल्या तेव्हा त्यानं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या दंडाकडे पाहिलं. त्या आठवड्यात दोन माजी विद्यार्थी येऊन मला योगासनांची माहिती देऊन गेले. इंजिनामागे धुराचा डाग पडतो, तो मी घरच्या काजळानं उमटवला. आणि पोट काळं रंगवलं. हे रात्री उडणारं विमान होतं, खालून दिसू नये म्हणून त्याचं पोट काळं असायचं. इतिहास आहे, मी काय करणार?

"काळं काहून?" रत्नमालेनं विचारलं. "वरतून एवढं चांगलं हिरवं-तपकिरी केलं त."

"अगं, वरचा रंग वरून पाहणाऱ्यांसाठी."

"वरतून कोन पाह्यते? आमी साऱ्या खालच्याच बाया. आमाले पोटच दिसते."

या विमानात सात माणसं बसत. खोक्यातून बाहुल्या मात्र सहाच निघाल्या. मी कंपनीला पत्र लिहिलं, फोटो पाठवला, स्मरणपत्र पाठवलं. तिकडून दर वेळी उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. तेवढ्या वेळात मी त्या सहाजणांना एका केसाच्या ब्रशनं डोळे काढले. रत्नमाला वाकून पाहत म्हणाली, "जरा हसरे तरी काढा. हे सारे मयतीले निंघाल्यासारखे दिसून राह्यले." मी ब्रश हातात घेऊन पाहिलं, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पुसून पुन्हा काढले. तसेच आले.

पंख बसवताना विमानाचं तोंड खिडकीजवळ आलं होतं, ओसरीतून त्याची काच बाजूनं दिसायची. प्रयागमायची नजर म्हातारपणीही घारीची. तिनं काचेतून माणसं मोजली.

"मास्तर, सहा दिसून राह्यले. एक सीट खाली हाये न?"

आता इथं माझ्याकडून चूक झाली, आणि ती मी लपवत नाही. सकाळची वेळ, डिंक छान वाळत होता, मी खुशीत होतो. म्हणालो, "ते तुह्यासाठी ठेवलं, माय."

थट्टा होती. छत्तीस वर्षांत मी वर्गात थट्टा केली नाही, ती सगळी शिल्लक त्या एका वाक्यात खर्ची पडली. म्हातारी हसली नाही. "ठेव बाप्पा," एवढंच म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

मग परवानगी. मी शिस्तीचा माणूस, ठाण्यात रीतसर अर्ज दिला. विषय: बॉम्बर विमान उडविण्यास परवानगी मिळणेबाबत. जमादारसाहेबांनी पहिली दोन अक्षरं वाचली आणि पेन खाली ठेवलं. मी समजावलं की शेवटी 'र' आहे. ते म्हणाले, र असू द्या, बॉम्ब कुठं ठेवणार ते लिहा. दुसऱ्या खेपेला मी लिहून दिलं की सदर विमानातून काहीही खाली पडणार नाही. तिसऱ्या खेपेला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागला. पंचायतीकडे विमानाचा नमुना नव्हता, म्हणून लग्नातल्या लाउडस्पीकरचा वापरला. त्या दाखल्यानुसार मी माझं विमान रात्री दहानंतर वाजवू शकत नाही. शेवटी आमचे पोलीस पाटील भाऊसिंग स्वतः ठाण्यात आले आणि 'मास्तर निरुपद्रवी आहेत' अशी तोंडी हमी दिली. अट एकच पडली, विमानाच्या पोटावर मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर, खालून वाचता येईल असा. काळ्यावर पांढऱ्यानं लिहिला.

पहिलं उड्डाण सकाळी आठला, गावाबाहेरच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, मैदानावर. इंद्रभाननं शेपूट धरलं. चारी पंखे फिरू लागले तेव्हा जो आवाज आला तो मोटारींचा वाटला नाही. लांब कुठंतरी पुष्कळ माणसं ओठ मिटून एकच सूर धरून बसली असावीत, तसा. बाभळीवरचे कावळे उडाले नाहीत, गप्प झाले. विमान धावलं, उचललं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी मान्य करतो.

मला ते मैदानावरच उजवीकडे वळवायचं होतं. मी रिमोटची कांडी उजवीकडे दाबली. ते सावकाश डावीकडे वळलं. मी आणखी दाबली. त्यानं गावावरून एक मोठी, निवांत चक्कर मारली, कुणाचं घर शोधत असल्यासारखी, आणि आपणहून परत येऊन माझ्यासमोर उतरलं. अर्थात वाऱ्यामुळे. त्या दिवशी वारा नव्हता, पण वर असेल.

इंद्रभान हर्षानं वेडा झाला. त्यानं रत्नमालेला फोन लावला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "वहिनी, घेतलं! खाली घेतलं!"

आमच्याकडे 'खाली घेतलं' याचा अर्थ लहान पोरालाही माहीत असतो. माणसाचा श्वास लागला, आता काही तासांचा प्रश्न उरला की त्याला खाटेवरून भुईवर घेतात. रत्नमालेचा फोन स्पीकरवर होता. राजूची बायको राखी भिंतीपलीकडे भांडी घासत होती. मी घरी पोचलो तेव्हा अंगणात चाळीस माणसं टोप्या काढून उभी, आणि एकजण गोवऱ्यांची चौकशी करत होता. मला चालत येताना पाहून काहींचा विरस झाला, असं मला आजही वाटतं.

त्यांना हसून वाटेला लावतो न लावतो तोच पलीकडच्या आळीतून निरोप आला. भजनी मंडळाचे ग्यानबा, वय एक्क्याण्णव, त्यांना खाली घेतलं. केव्हा? सव्वाआठला. इंद्रभाननं फोन केला तेव्हाच.

योगायोग. एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाला निमित्त लागत नाही. मी त्यांच्या मयतीला गेलो, आणि संध्याकाळी विमानाच्या नाकाजवळ पिवळ्या रंगानं एक छोटी खूण केली. युद्धात तशी पद्धत होती, प्रत्येक मोहिमेला एक खूण. बारकाव्यात तडजोड नको. सकाळी इंद्रभाननं ती पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली.

"म्हंजे मोजून राह्यले तुमी," तो म्हणाला, आणि चहा न घेताच गेला.

आठ दिवसांनी दुसरं उड्डाण. या वेळी मी सगळ्या तारा तपासल्या, रिमोट तपासला, कांडी उजवीकडे दाबली की शेपूट उजवीकडे वळतं हे तीनदा पाहिलं. हवेत गेल्यावर ते पुन्हा गावावर गेलं. पाणंदीच्या टोकाला हिरीबाईचं घर. अंगणात ती ऊन खात बसली होती. तिच्या सुनेनं नंतर सांगितलं, "सावली आंगनातून गेली. कोंबड्या साऱ्या खाटेखाली पयाल्या. बुढीनं वर पाह्यलं, 'आलं' म्हने, अन् तशीच आडवी झाली. मले वाटलं झोपली."

मी दुसरी खूण केली. करायला नको होती असं रत्नमालेचं म्हणणं. पण अंधश्रद्धेपुढं इतिहास वाकवायचा म्हणजे छत्तीस वर्षं पाण्यात. हात मात्र जरा हलला, त्यामुळे ती खूण पहिलीपेक्षा मोठी आली.

यानंतर माझ्या दारात दोन प्रकारचे लोक येऊ लागले. पहिल्या प्रकारचे उघड यायचे आणि विमानाचा रस्ता विचारायचे. "सर, इकून नका आनू बरं, आमच्या घरी बाबा हायेत." दुसऱ्या प्रकारचे दुपारी, गल्ली रिकामी पाहून यायचे. एक चांगल्या घरची सून पदर सावरत म्हणाली, "सासरे दोन वर्षांपासून पडून हायेत जी. लय हाल हायेत त्याईचे. तुमची एक चक्कर..." पुढं ती रडायलाच लागली. मी तिला पाणी दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या घरात बसून भीती वाटली, आणि ती भुताची नव्हती.

मी ग्रामसभेत संभाव्यतेवर व्याख्यान दिलं. गावात ऐंशीच्या वरची किती माणसं, थंडीत त्यातली साधारण किती जातात, दोन उड्डाणं, दोन मृत्यू, यात कार्यकारणभाव कसा नाही, हे फळ्यावर मांडलं. टाळ्या झाल्या. भाऊसिंग पाटलांनी आभार मानले. जाता जाता तिघांनी हळूच विचारलं, पुढची फेरी कधी.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी व्याख्यानात सांगितली नाही. त्या सहा बाहुल्या मी पुढं तोंड करून चिकटवल्या होत्या. एका सकाळी झाडताना पाहिलं तर सहाही माना डावीकडे वळलेल्या. खिडकीकडे. खाटेकडे. डिंक उन्हानं सैल पडला असणार. मी माना सरळ केल्या, नवा डिंक लावला, खिडकीला पडदा लावला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिकडेच पाहत होत्या. मी पडदा काढून टाकला, कारण पडद्याकडे टक लावून बसलेली सहा माणसं बघवत नव्हती.

त्याच आठवड्यात राजू आला. शांत माणूस, सोयाबीन आणि दोन म्हशी यांपलीकडे कुणाशी वाद नाही. आज दारातूनच ओरडला.

"सर, तुमी माह्या मायले काय सांगतलं?"

"काय झालं?"

"तीन रोज झाले, घास घेत नाही. राखीनं भाकर कुस्करून देल्ली, दूध देल्लं, त तोंड फिरवते. हिरवं लुगडं काढाले लावलं पेटीतून. म्हनते, मास्तरनं सीट ठेवली, आता भरल्या पोटी कायले जाऊ. मोडून टाका ते विमान!"

मी खरंच हातोडी घ्यायला उठलो. खोटं नाही सांगत, त्या क्षणी अकरा फूट, चार मोटारी, हजारो रिव्हेट यांचं मला काही वाटलं नाही. पण खिडकीतून म्हातारीचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"मोडलं त पानीबी घेनार नाही. सांगून ठेवतो."

राजू मटकन खुर्चीत बसला. उडवलं तर ती जाणार, मोडलं तर जाणार, नुसतं ठेवलं तर उपाशी जाणार. आणि या सगळ्याच्या मुळाशी भूत नव्हतं, भानामती नव्हती, माझं एक वाक्य होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

उपाय दोन दिवसांनी सुचला. सीट रिकामी आहे म्हणून म्हातारी अडली, तर सीट भरावी. थर्माकोलचा माणूस कोरला, रत्नमालेच्या जुन्या ब्लाउजच्या कापडाचा कोट शिवला आणि सातव्या जागी बसवला. मग ओसरीत जाऊन खाटेजवळ बसलो. म्हातारीचे ओठ सुकून भेगाळले होते.

"माय, सीट भरली. आता जेव."

"कोन बसलं?"

हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. नाव सांगणं भाग होतं. ग्यानबा म्हणावं तर ते आधीच गेलेले. खोटं नाव सांगावं तर तिला चार गावांतली माणसं कुळासकट पाठ. तीनदा माझी बदली करणाऱ्या एका साहेबांचं नाव अगदी जिभेवर आलं, ते मी गिळलं. विज्ञान शिकवलेला माणूस मी, आणि माझ्या तोंडातून एका जिवंत माणसाचं नाव निघेना! हा सभ्यपणा आहे, भीती नव्हे, असं मी मनाला बजावत होतो आणि म्हातारी वाट पाहत होती.

"मी," मी म्हणालो.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा विमानाकडे न पाहता माणसाकडे पाहत होती.

"तू? तुह्यं वय काय?"

"एकुनसाठ."

"लवकर हाये बाप्पा," ती पुटपुटली. माझ्या मनगटावर तिनं हात ठेवला, हाडांचा आणि गरम. मग आत हाक मारली, "राखी, भाकर आन व. मास्तर चालला. रतनमालापाशी कोनी पायजे न मंग. मले थांबा लागते."

तिनं अर्धी भाकर खाल्ली. राखी चुलीपाशी जाऊन रडली. राजूनं माझे पाय धरले, आणि मी विजयी वीरासारखा घरी आलो.

घरी रत्नमाला उभी होती. "सोतःच्या हातानं सोतःले बसवलं!" एवढंच बोलून ती आत गेली. म्हातारीला खिडकीतून खात्री करून घ्यायची होती, म्हणून मी सातव्या बाहुलीला माझा पासपोर्ट साइज फोटो कापून चेहरा म्हणून लावला होता, वर वॉर्निश. तिसऱ्या दिवशी रत्नमाला ओल्या फडक्यानं तो पुसताना सापडली.

"तुमी मानत नाही न?" ती म्हणाली. "मंग काढा."

"मानत नाही म्हणूनच काढत नाही."

या युक्तिवादात कुठंही खोट नव्हती. मी अजूनही तो तपासून पाहतो.

आणि मग सव्वीस जानेवारी आली. मी उडवणार नव्हतो. पण झेंडावंदनानंतर सरपंचांनी माइकवरून जाहीर केलं की सरांच्या इच्छेला मान देऊन आपण सर्व मैदानावर जाऊ. माझी तशी इच्छा कुणाला कळली होती देव जाणे, म्हणजे देव नव्हे, कोण जाणे. नाही म्हणावं तर फळ्यावरचं सगळं गणित खोटं ठरतं. मी विमान उचललं.

मैदानावर अख्खं गाव. कुणी हसत नव्हतं. ज्या पोरांना मी छड्या मारल्या होत्या ते बाप्ये आता येऊन पाया पडत होते. राखीनं हातावर दही-साखर ठेवली. इंद्रभाननं खाकरून विचारलं, "सर, बोअरच्या स्टार्टरची चाबी कुठी राह्यते? आपलं सहज." मी सांगितली. राजूनं आईची खाट चौघांकडून उचलून आणवली होती, ती हिरवं लुगडं नेसून मैदानाच्या कडेला पडून होती. रत्नमाला तिच्याजवळ बसली होती, आणि म्हातारीनं तिचा हात धरून ठेवला होता.

विमान उठलं. या वेळी ते गावाकडे गेलं नाही. मी कांडीला हात लावायच्या आत ते वळलं आणि सरळ माझ्या डोक्यावर आलं, खाली, इतकं खाली की पोटावरचा माझाच नंबर मी वाचला. सावली अंगावरून गेली तेव्हा विहिरीत उतरल्यासारखा गारवा लागला. आणि काचेत मला सातवा दिसला. बाकी सहाजण पुढं पाहत होते. तो खाली पाहत होता, माझ्याकडे, फोटोत मी पाहतो तसा, कुणी तरी हलू नका म्हटल्यासारखा.

मग ते निघालं. पूर्वेकडे, सरळ रेषेत, उंच होत. बॅटरी आठ मिनिटांची. सिग्नल तुटला की मोटारी आपोआप बंद पडाव्यात ही सोय मीच केलेली. आठ मिनिटं झाली, वीस झाली, तो मिटल्या ओठांचा सूर बारीक होत गेला पण थांबला नाही. ठिपका नाहीसा झाल्यावरही आम्ही दुपारपर्यंत उभे होतो. इंद्रभाननं सवयीनं फोन काढला, रत्नमाला पंधरा पावलांवर बसलेली असून तिलाच लावला.

"वहिनी," तो म्हणाला, "वरच हाये."

चार दिवस आम्ही शेतं, नाले, धुरे-बांध पालथे घातले. काही मिळालं नाही. माझी प्रकृती उत्तम आहे, बीपी नॉर्मल. गावातली माणसं मात्र मला भेटली की आधी आभाळाकडे पाहतात आणि मग नमस्कार करतात.

प्रयागमाय जेवते. नुसती जेवत नाही, लोणचं मागते. तिचं गणित सरळ आहे. मास्तर निघाला, पण पोचला नाही. तो पोचेपर्यंत तिनं थांबायचं आणि रत्नमालेला एकटं पडू द्यायचं नाही. विमान खाली आलं की मग तिची पाळी. दर जेवणाच्या वेळी खिडकीतून हाक येते, "मास्तर, आलं का खाली?" मी म्हणतो, नाही माय. "मंग जेवतो बाप्पा." फेब्रुवारीच्या शेवटी ती भिंतीला टेकून बसू लागली. परवा तिनं रत्नमालेला शेवया वळायला शिकवलं आणि चार चुका काढल्या. राजू म्हणतो, सर, तुमचे उपकार आहेत. मी विषय बदलतो.

आज सकाळी नऊला फोन आला. अनोळखी नंबर.

"सतीश सर बोलून राह्यले काय? मी सेवालाल राठोड, धनजवरून. तुमचं विमान आमच्या वावरात उभं हाये जी."

धनज म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मी विचारलं, कधीपासून पडलं आहे?

"पडलं नाही जी. उतरलं. आत्ता आठ वाजता, मी सोता पाह्यलं. एक ओरखडा नाही. पोटावर नंबर होता, म्हनून लावला. थांबा, दाखवतो."

त्यानं व्हिडिओ कॉल लावला. हरभरा काढून मोकळ्या झालेल्या काळ्या वावरात ते चाकांवर उभं होतं. सव्वीस जानेवारीला गेलेलं, आणि आज मार्चची पाच तारीख. आठ मिनिटांची बॅटरी, अडतीस दिवस. मी मनातल्या मनात भागाकार करून पाहिला आणि सोडून दिला. सेवालालनं फोन काचेजवळ नेला. काजळाचा डाग, डिंकाचे टिपके, एकेक टिपका माझ्या हातचा. त्या दोन महिन्यांतली प्रत्येक सकाळ मला त्यात ओळखता येत होती. ते परत हवं होतं मला, फार हवं होतं.

"हे सहा सोल्जर दिसतात," तो म्हणाला, "अन् हा सातवा त तुमीच दिसून राह्यले जी."

तेवढ्यात खिडकीतून हाक आली. "मास्तर! आलं का खाली?"

राखी ताट घेऊन खाटेशी उभी होती. रत्नमाला स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. तिला फोनमधलं सगळं दिसत होतं.

"ते माझं नाही," मी सेवालालला म्हणालो.

"पन नंबर त तुमचाच—"

"माझं नाही ते," मी म्हणालो आणि फोन बंद केला. मग खिडकीशी गेलो. "नाही माय. वरच हाये अजून."

"मंग जेवतो बाप्पा," प्रयागमाय म्हणाली आणि तिनं भाकर मोडली.

तिची भाकर संपेपर्यंत मी तिथं उभा राहिलो. मागं रत्नमालेनं न विचारता माझंही ताट वाढलं होतं. मी ताटावर बसलो. आणि जेवलो. पोटभर जेवलो.